कमिटच्या यादीतून डेमो

अंधेरीचं सीप्झ, मालाडचं माइंडस्पेस, गोरेगावचं निर्लॉन, पवई, विक्रोळी, मुलुंड. मुंबईच्या उपनगरांत सॉफ्टवेअर लिहिणारे आता इतके झाले आहेत की लोकलच्या डब्यात ‘स्प्रिंट’, ‘बिल्ड’, ‘मर्ज’ हे शब्द सहज कानावर पडतात. या सगळ्यांच्या वाट्याला दर दोन-तीन आठवड्यांनी एक कार्यक्रम ठरलेला असतो, तो म्हणजे डेमो. झालेलं काम क्लायंटला, मॅनेजरला किंवा शेजारच्या टीमला प्रत्यक्ष चालवून दाखवायचं. क्लायंट अमेरिकेतला असेल तर त्याची सकाळ होईपर्यंत इथे दिवेलागण उलटून गेलेली असते. आदल्या दिवशी टीममध्ये हमखास प्रश्न निघतो: या वेळी दाखवण्यासारखं काय आहे?

उत्तरासाठी बहुतेक जण गिट या नोंदप्रणालीचा लॉग उघडतात. गेल्या दोन आठवड्यांत कोणी, कधी, काय बदललं, हे तिथे ओळीने लिहिलेलं असतं; अशा प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात. हल्ली हीच यादी एखाद्या एआय साधनाला देऊन ‘यावरून डेमोचा मसुदा कर’ असं सांगण्याचीही पद्धत पडली आहे. मसुदा मिळतो, तो नीटनेटकाही असतो, आणि तरीही ऐन डेमोत गोंधळ होतात. लॉग न वाचता डेमोला बसणं चुकीचं आहे, तसंच लॉगवरून थेट डेमोला बसणंही चुकीचं आहे. या दोन्हींच्या मधे जे काम करावं लागतं, त्याचा हा आढावा.

बदलांची नोंद ठेवण्याची सवय गिटपेक्षा बरीच जुनी आहे. सीप्झ 1973 साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभं राहिलं आणि त्याच दशकात तिथून सॉफ्टवेअरची निर्यातही सुरू झाली. त्या काळच्या कोबोल प्रोग्रॅममध्ये अगदी सुरुवातीला कॉमेंटच्या ओळींत एक तक्ता असे: तारीख, बदल करणाऱ्याची इनिशियल्स आणि बदलाचं कारण. बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या सिस्टिम्समध्ये हे तक्ते आजही सापडतात. बेल लॅब्जमध्ये मार्क रोचकाइंड यांनी 1972 साली एससीसीएस ही प्रणाली तयार केली, तेव्हा नोंद ठेवण्याचं काम यंत्राकडे गेलं. पुढे आरसीएस, सीव्हीएस आणि सबव्हर्जन आल्या. बिटकीपर ही प्रणाली मोफत वापरण्याची सोय बंद झाल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं. यंत्राकडे नोंद गेल्यावर तारीख आणि नाव आपोआप पडू लागलं. कारण मात्र माणसानेच लिहायचं राहिलं, आणि नेमकं तिथेच माणूस हात आखडता घेतो. ‘फिक्स’, ‘अपडेट’, ‘चेंजेस’ एवढ्याच संदेशाचे कमिट ज्या लॉगमध्ये ओळीने लागलेले असतात, त्यातून डेमो काढायला बसलेल्याला प्रत्येक कमिट उघडून फरक वाचावा लागतो.

मराठी विकिपीडियावर हीच गोष्ट संगणकाचं शिक्षण न घेतलेल्यालाही समजते. 1 मे 2003 रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात ‘अलीकडील बदल’ नावाचं पान आहे. कोणी कोणत्या लेखात किती मजकूर घातला वा काढला, हे तिथे क्रमाने दिसतं. संपादन करणाऱ्याने एक ओळीचा सारांश लिहिलेला असला की पुढच्याचं काम भागतं. नसला की लेख उघडून जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून पाहावी लागते.

संदेश चांगले लिहिलेले असले तरी लॉग फसवू शकतो, आणि त्यामागची कारणं तांत्रिक आहेत. गिटमध्ये प्रत्येक कमिटला दोन तारखा असतात: एक कोड लिहिल्याची, दुसरी तो कमिट नोंदवल्याची. ‘सिन्स’ हा पर्याय देऊन गेल्या चौदा दिवसांचे बदल मागितले की गिट दुसरी तारीख बघतं, पण नेहमीच्या लॉगमध्ये छापतं पहिली. कुणी तीन महिन्यांपूर्वीची ब्रांच या आठवड्यात रीबेस केली असेल, तर जुनं काम नव्या यादीत येऊन बसतं. स्क्वॉश करून मर्ज केलेल्या ब्रांचमधले वीस कमिट एका ओळीत मावतात. चेरी-पिक केलेला एकच बदल दोन ब्रांचमध्ये दोन वेगळ्या क्रमांकांनी दिसतो. मोठ्या टीमने म्हणूनच ‘फर्स्ट-पॅरेंट’ हा पर्याय लावून मुख्य ब्रांचवर काय-काय मर्ज झालं ते आधी पाहावं आणि मग हवं तिथे आत शिरावं. सुटे कमिट क्रमाने वाचत बसलं की महत्त्वाचा बदल कोणता आणि किरकोळ कोणता, हे कळेनासं होतं.

याचं उघड्यावर वाचता येणारं उदाहरण घाटकोपरच्या अलीकडेच आहे. विद्याविहार पश्चिमेला नीलकंठ बिझनेस पार्कमध्ये पत्ता असलेली फ्रॅपे टेक्नॉलॉजीज ही कंपनी रुषभ मेहता यांनी 2008 मध्ये सुरू केली. तिचं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर हिशेब, साठा, खरेदी-विक्री, उत्पादन असं सगळं सांभाळतं. ते मुक्त स्रोत असून त्याचा कोड गिटहबवर आहे, त्यामुळे त्याच्या बदलांची वही कुणालाही चाळता येते. तिथल्या संदेशांना शिस्त आहे. नव्या सोयीसाठी ‘फीट’, दुरुस्तीसाठी ‘फिक्स’, साफसफाईसाठी ‘चोअर’ असा शब्द आधी येतो, मग पुष्कळदा कंसात विभागाचं नाव आणि मग नेमका बदल. जगभर रूढ झालेल्या ‘कन्व्हेन्शनल कमिट्स’चीच ही रीत आहे. डेमोची तयारी करणाऱ्याला तिचा थेट फायदा मिळतो, कारण ‘फीट’ने सुरू होणाऱ्या ओळी आधी वेगळ्या काढता येतात.

पण हीच वही दुसरी बाजूही दाखवते. दुरुस्ती सहसा आधी ‘डेव्हलप’ या ब्रांचमध्ये होते आणि नंतर लोक वापरत असलेल्या आवृत्त्यांच्या ब्रांचमध्ये नेली जाते. संदेशात ‘बॅकपोर्ट’ असा शेरा पडतो. सगळ्या ब्रांचचा लॉग एकत्र काढला, तर एक दुरुस्ती दोन-तीन दुरुस्त्यांसारखी दिसते.

याहून बोलकी गोष्ट जीएसटीची आहे. 2022 मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीच्या वेळी भारतातल्या जीएसटीचा कोड ईआरपीनेक्स्टमधून काढून ‘इंडिया कंप्लायन्स’ नावाच्या स्वतंत्र ॲपमध्ये हलवला गेला. ईआरपीनेक्स्टच्या लॉगपुरतं पाहिलं तर जीएसटीच्या ओळी पुसलेल्या दिसतात. साकीनाक्याच्या कारखान्यातल्या हिशेबनिसासाठी मात्र काहीच गेलेलं नसतं. दुसरं ॲप बसवलं की त्याचं काम चालू राहतं. ऑगस्ट 2023 पासून वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर असलेल्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. अशा व्यवसायाला डेमो देणाऱ्याने एकाच भांडाराचा (रिपॉझिटरीचा) लॉग वाचून तयारी केली, तर समोरच्याला ज्याची सगळ्यात जास्त काळजी आहे तेच राहून जाईल. आजकाल बहुतेक कामं अनेक भांडारांत विभागलेली असतात. मोबाइल ॲप एकीकडे, सर्व्हर दुसरीकडे, रिपोर्ट तिसरीकडे. एक सोय चालायला तीन लॉगमधले तीन कमिट जुळावे लागतात.

लिनक्सच्या जगात लॉग वाचून लोकांना समजेल असं सांगणं हे काम काही जणांनी गांभीर्याने अंगावर घेतलं आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती येते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त कमिट असतात. ‘एलडब्ल्यूएन’ या नियतकालिकाचे जोनाथन कॉर्बेट अनेक वर्षं प्रत्येक वेळी मर्ज झालेलं वाचून, त्यातलं वाचकाला लागेल तेवढं निवडून, विषयवार मांडत आले आहेत. निवडीमागचा प्रश्न एकच असतो: हे वाचणाऱ्याच्या कामात काय बदलेल?

डेमोच्या तयारीलाही हाच प्रश्न लागू आहे. समजा, मालाडमधली एक छोटी टीम सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते आहे. दोन आठवड्यांच्या लॉगमध्ये पुढच्या ओळी आहेत. ‘फिक्स: हप्त्याची तारीख रविवारी आल्यास दंड नको’. ‘टेस्ट: दंडाच्या केसेस’. ‘फीट: पिग्मी एजंटचं कलेक्शन ऑफलाइन सेव्ह’. ‘रीफॅक्टर: व्याजाची गणना वेगळी केली’. ‘रिव्हर्ट: पासबुक छपाईचा नवा लेआउट’. आणि एक नुसतं ‘डब्ल्यूआयपी’, म्हणजे ‘काम चालू आहे’.

यातून यांत्रिकपणे सहा मुद्द्यांची स्लाइड तयार होईल, आणि पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला तिच्यातून काहीही कळणार नाही. जाणती टीम याच ओळी वेगळ्या वाचते. पहिल्या दोन मिळून एकच गोष्ट आहे: सभासदाचा हप्ता रविवारी येतो, संस्था बंद असते, तो सोमवारी पैसे भरतो आणि आजवर त्याला दंड लागत होता. ही दाखवायला असं एक कर्जखातं लागतं ज्याच्या हप्त्याची तारीख खरोखर रविवारी येते. ते आदल्या दिवशीच तयार करून ठेवावं लागतं. जुन्या बिल्डवर दंड लागलेला दाखवायचा, नव्यावर न लागलेला. दीड मिनिटाचं काम आहे, पण समोरची मान डोलते ती इथेच. टेस्टची ओळ पडद्यावर आणायची गरज नाही. ‘दुसरा शनिवार आला तर?’ असं कुणी विचारलं, की त्या केसेस हाताशी असल्याचा उपयोग होतो.

पिग्मीची ओळ डेमोचा मुख्य भाग ठरते. फोनचं नेट बंद करायचं, एजंट बाजारात फिरतो त्याप्रमाणे दोन-तीन खात्यांची वसुली टाकायची, नेट चालू करायचं आणि शाखेच्या पडद्यावर त्या नोंदी येताना दाखवायच्या. पण त्याआधी एक गोष्ट तपासावी लागते. पुष्कळ टीम नवी सोय फ्लॅगच्या मागे ठेवतात. कोड मर्ज झालेला असतो, वापर बंद असतो. लॉग म्हणतो काम झालं, ग्राहकाकडे ते सुरूच झालेलं नसतं. डेमोत ती दाखवायची असेल तर ‘ही सोय अजून सगळ्यांसाठी चालू केलेली नाही’ हे वाक्य आधी उच्चारलंच पाहिजे. नाहीतर दुसऱ्या दिवशी शाखेतून फोन सुरू होतात.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती रिव्हर्टची ओळ. दाखवण्यासारखं तिच्यात काही नाही, म्हणून ती गाळली जाते. पण गेल्या डेमोत पासबुकाचा नवा लेआउट कौतुकाने दाखवला असेल आणि आता तो मागे घेतला असेल, तर ते सांगणं ही टीमची जबाबदारी आहे. छापखान्यात पासबुकांची ऑर्डर देऊन बसलेल्या संस्थेचं त्यावाचून नुकसान होऊ शकतं. व्याजाच्या रीफॅक्टरबद्दल एकच वाक्य पुरतं: आकडे तेच राहिले आहेत आणि ते पडताळून पाहिले आहेत. राहिलं ‘डब्ल्यूआयपी’. त्याबद्दल लिहिणाऱ्याला विचारायचं, अंदाज करायचा नाही.

क्रमाचाही विचार यातच येतो. लॉग काळानुसार उलटा चालतो, सगळ्यात नवं वर. व्यवस्थापकाचा दिवस तसा चालत नाही. त्याच्या दिवसात सकाळी एजंट निघतो, दुपारी काउंटरवर हप्ते येतात, संध्याकाळी ताळमेळ बसतो. डेमोने तोच क्रम धरला की पाहणाऱ्याला मनातल्या मनात भाषांतर करत बसावं लागत नाही.

यानंतर येतो तो प्रश्न कुठल्या यंत्रावर दाखवायचं याचा. मर्ज झालेला कमिट आणि स्टेजिंगच्या चाचणी-सर्व्हरवर चालू असलेला बिल्ड या वेगळ्या गोष्टी आहेत. डेमोच्या सकाळी चालू बिल्डचा कमिट क्रमांक काढून तो लॉगशी ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि नंतर ‘माझ्या मशीनवर चालत होतं’ म्हणण्याची वेळ येत नाही. 20 एप्रिल 1998 रोजी शिकागोच्या कॉमडेक्समध्ये बिल गेट्स यांच्यासमोर त्यांचे सहकारी ख्रिस कापोसेला विंडोज 98 दाखवत होते. स्कॅनर जोडताच पडदा निळा झाला आणि विंडोज बंद पडलं. बाजारात येण्याच्या दोन महिने आधीची ती आवृत्ती होती, आणि ती चित्रफीत आजही फिरते. इतक्या मोठ्या कंपनीच्या मंचावर जे होतं ते मुलुंडच्या मीटिंग रूममध्येही होणार, हे धरूनच तयारी करायला हवी. ज्या साधनाने दाखवायचं तेच जोडून सराव करायचा. डेमो सुरू होण्याआधी किमान तासभर नवा कोड चढवणं थांबवायचं.

डेटाबद्दल उपनगरातल्या टीम बऱ्याचदा बेफिकीर असतात. ग्राहकाच्या खऱ्या डेटाची प्रत स्टेजिंगवर आणून तीच सर्वांसमोर उघडली जाते आणि कुणाचं तरी नाव, मोबाइल नंबर, थकबाकी पडद्यावर येते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यावर तर हा प्रकार कुणीही खपवून घेऊ नये. उलट, बनावट डेटा म्हणून ‘टेस्ट 1’, ‘एबीसी’ टाकलेला असला की समोरच्याला विश्वास वाटत नाही. मेहनत घेऊन ‘ज्ञानेश्वर’, ‘लक्ष्मी’, ‘कृष्णाजी’ अशी नावं देवनागरीत भरली, रकमेत 1,25,000 असा आपल्या पद्धतीचा स्वल्पविराम ठेवला, की जोडाक्षरं पीडीएफमध्ये मोडतात की नाही हेही कळतं. असे दोष डेमोच्या आदल्या दिवशी सापडलेले केव्हाही बरे.

पाहणाऱ्याच्या बाजूने विचार करण्याचा धडा पवईतच मिळतो. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या साधारण दहा मिनिटांच्या चित्रफिती तिथे तयार होतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचं निवेदन होतं. चित्रीकरणाआधी संहिता लिहिली जाते. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात त्या वेळी काय बोललं जाईल ते. आणि ते सॉफ्टवेअर माहीत नसलेल्या नवख्याकडून ती संहिता तपासून घेण्याची पायरी त्यात आहे. तो जिथे अडतो तिथे ती सुधारायची. दोन रकान्यांचा हा कागद आणि शेजारच्या टीममधला एक नवखा माणूस, एवढं कुठल्याही कंपनीला जमण्यासारखं आहे. क्लिक करण्याआधी काय होणार ते बोलायचं, मग क्लिक करायचं, ही सवय त्या कागदामुळेच लागते.

आता एआयबद्दल. गिटहबने 2021 मध्ये मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टच्या शीर्षकांवरून रिलीज नोट्स आपोआप बनवण्याची सोय दिली. त्यानंतर भाषिक मॉडेल्स आली, आणि लॉग देऊन थेट निवेदन मागता येऊ लागलं. ही साधनं खरोखर उपयोगी आहेत. दोनशे ओळी विषयवार गटांत लावणं, एकाच बदलाचे तीन बॅकपोर्ट ओळखणं, तिकिटांच्या क्रमांकाशी कमिट जोडणं ही कामं ती झपाट्याने करतात. पण त्यांच्यापुढे जे ठेवलं असेल तेवढंच त्यांना दिसतं. फ्लॅग बंद आहे, दुसऱ्या भांडारातला जोडीचा कमिट अजून अडकला आहे, हे शीर्षकात नसेल तर मसुद्यातही येत नाही, आणि मसुद्याची भाषा मात्र सगळं झाल्यासारखी ठाम असते. म्हणून अशा साधनाकडून निवेदनाआधी प्रश्नांची यादी मागवणं जास्त शहाणपणाचं: कोणते बदल वापरणाऱ्याला दिसतील, कोणते मागे घेतले, कुठे खात्री करावी लागेल. क्लायंटचा कोड किंवा लॉग बाहेरच्या सेवेत चिकटवण्याआधी करार वाचणं तर सक्तीचंच.

लॉगवरून डेमो करताना एक अन्यायही होतो, आणि त्याबद्दल बोललं पाहिजे. कमिटच्या पुढे नाव असतं ते कोड लिहिणाऱ्याचं. रविवारच्या हप्त्याचा दोष ज्या टेस्टरने शोधला, पतसंस्थेत जाऊन एजंटबरोबर जी फिरली, ज्याने पडद्याची मांडणी केली, त्यांची नावं तिथे नसतात. कमिट मोजून काम मोजणाऱ्या ठिकाणी हे लोक अदृश्य राहतात. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफॉरजे या लायब्ररीतली मोठी सुरक्षा-त्रुटी उघड झाली, तेव्हा जगभरच्या असंख्य टीमनी रात्री जागून आवृत्त्या बदलल्या. त्यांच्या लॉगमध्ये एखाद-दुसरीच ओळ वाढली आणि पडद्यावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. अशा कामासाठी डेमोत पडदा न हलवता दोन मिनिटं राखून ठेवावीत: कोणता धोका होता, तो कसा टळला, कोणी टाळला.

स्क्रम या कार्यपद्धतीच्या गाइडच्या 2020 च्या आवृत्तीनुसार स्प्रिंट रिव्ह्यू, ज्यात हा डेमो होतो, ही काम करण्याची बैठक आहे आणि ती नुसतं सादरीकरण होऊ देऊ नये. महिन्याच्या स्प्रिंटसाठी तिला जास्तीत जास्त चार तास दिले आहेत. व्यवहारात उपनगरातल्या टीमना मिळतो तो अर्धा-पाऊण तास. त्यात निम्मा वेळ प्रश्नांना ठेवायचा असेल, तर तीनच गोष्टी दाखवता येतात आणि बाकीच्या लेखी पाठवाव्या लागतात. त्या तीन निवडण्यासाठी लॉग, तिकिटं आणि माणसं अशा तिघांनाही विचारावं लागतं.

डेमो संपल्यावर करायचं एक काम राहतं आणि ते क्वचितच होतं. ज्या कमिटवर डेमो दिला त्याला गिटमध्ये टॅग लावायचा, समजा ‘डेमो-12’. समोरून आलेले प्रश्न तिकिटांत उतरवायचे आणि तिकिटाचा क्रमांक पुढच्या कमिटच्या संदेशात लिहायचा. मग दोन आठवड्यांनी तारखेवरून चाळत बसावं लागत नाही. ‘डेमो-12’पासून आजपर्यंतचा लॉग मागितला की रीबेसमुळे तारखा कितीही पुढेमागे झाल्या असल्या तरी फक्त न दाखवलेलं काम समोर येतं, आणि गेल्या वेळी पतसंस्थेच्या व्यवस्थापकाने विचारलेल्या दुसऱ्या शनिवारचं काय झालं, तेही त्यातच सापडतं.